अडला हॅरी

लोकप्रतिनिधींचे परदेशी अभ्यासदौरे हा आपल्याकडे टिंगलीचा विषय झाला आहे. तसं होऊ नये असं आम्हाला मनापासून वाटतं. दोष दौऱ्यांचा नाही, विषयांचा आहे. कोणी घनकचरा बघायला जातं, कोणी ठिबक सिंचन, कोणी मेट्रो. लोकप्रतिनिधीचा मूळ धंदा मत देण्याचा. ते कधी द्यावं, किती तंगवून द्यावं आणि देताना चेहरा किती दुःखी ठेवावा, याचं शास्त्रशुद्ध शिक्षण मात्र कोणीच घेऊन येत नाही. त्यासाठी पुढचा दौरा वॉशिंग्टनला न्यावा, सगळ्यांना सिनेटच्या गॅलरीत बसवावं आणि अभ्यासक्रमाला एकच विषय लावावा, आरोग्य विमा. त्या विषयावर तिथे २००९पासून जी काठावरची मतं पडली आहेत, त्यांच्या तोडीचं शैक्षणिक साहित्य दुसरीकडे मिळणं कठीण.

आधी पार्श्वभूमी. २००९ साली अमेरिकेत साडेचार कोटींहून जास्त माणसांकडे आरोग्य विमा नव्हता. अपेंडिक्स दुखलं तर आधी पोट धरायचं की पाकीट, असा तिथे प्रश्न. ओबामांनी यावर कायदा आणायचं ठरवलं. सिनेटमध्ये जागा शंभर. विधेयक मंजूर व्हायला साधं बहुमत पुरतं, पण चर्चा थांबवायला साठ मतं लागतात आणि चर्चा थांबल्याशिवाय मतदान होत नाही. थोडक्यात, बोलत राहायला एक माणूस पुरतो आणि त्याला गप्प करायला साठ लागतात. डेमोक्रॅटिक पक्षाकडे दोन अपक्ष धरून नेमके साठ जमले. त्यातले पेनसिल्व्हेनियाचे आर्लेन स्पेक्टर एप्रिलमध्ये पलीकडून उडी मारून आलेले, तर मिनेसोटाचे अल फ्रँकन हे विनोदी कलाकार फेरमोजणी आणि कोर्टकचेरी उरकून जुलैत एकदाचे शपथ घेऊन बसलेले.

साठ हवेत आणि साठच आहेत, यासारखी वाईट अवस्था नाही. एकसष्ट असते तर एखाद्याला ‘बरं, येतो’ म्हणता आलं असतं. एकोणसाठ असते तर सरळ समोरच्यांच्या दारात जाऊन बसता आलं असतं. नेमके साठ असले की साठापैकी कोणीही उठून ‘मीच तो साठावा’ म्हणू शकतो. ही मोट बांधायचं काम पक्षनेते हॅरी रीड यांच्याकडे होतं. ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी नेमकी कोणासाठी करून ठेवली होती, ते त्या हिवाळ्यात कळलं. हॅरी अडला होता आणि त्यांच्या पक्षाचं चिन्ह गाढवच आहे.

लग्नात अंतरपाट धरलेला आहे, अक्षता वाटून झाल्या आहेत आणि एक मामा मांडवाबाहेर रुसून बसले आहेत, हे दृश्य मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. वेळेवर आलेल्या चारशे पाहुण्यांना पेढा आणि पत्रावळ मिळते, फेटा मात्र मामांना. अमेरिकेत फरक इतकाच, की तिथे फेट्याची नोंद थेट कायद्याच्या कलमात होते.

लुइझियानाच्या मेरी लँड्रू यांचं कलम बघा. कतरिना वादळानंतर त्या राज्याला गरिबांच्या सरकारी विम्यापोटी, म्हणजे मेडिकेडपोटी, जास्तीचे पैसे हवे होते. मागणीत काही गैर नव्हतं. पण कायद्यात एका राज्याचं नाव लिहिणं बरं दिसत नाही. म्हणून मजकूर असा केला, की गेल्या सात वर्षांत ज्या राज्याचा एकूण एक जिल्हा आपत्तिग्रस्त म्हणून जाहीर झाला असेल, अशा राज्याला ही सवलत लागू राहील. अशी किती राज्यं आहेत हे मोजायला एक बोट पुरलं. विरोधक ओरडले की बाईंनी दहा कोटी डॉलरला मत विकलं. त्यावर लँड्रूबाई सभागृहात उभ्या राहिल्या आणि त्यांनी आकडा दुरुस्त करून दिला. दहा नव्हे, तीस कोटी! आरोप फेटाळण्याऐवजी तिपटीने वाढवून घेणारा माणूस आमच्या पाहण्यात अजून तरी दुसरा नाही. होतकरू आमदारांनी हा प्रसंग लिहून घ्यावा.

नेब्रास्काचे बेन नेल्सन मात्र लाजरे निघाले. कधीकाळी ते राज्याचे विमा संचालक होते, विमा कंपनीचेही प्रमुख होते. त्यामुळे जोखीम कधी घ्यायची आणि हप्ता कोणाकडून वसूल करायचा, हे त्यांना शिकवायला नको होतं. डिसेंबरात एकोणसाठ जण तयार होते आणि नेल्सन विचार करत होते. तो विचार संपला तेव्हा विधेयकात नवी तरतूद आली. मेडिकेडच्या वाढीव खर्चातला आपला हिस्सा बाकीच्या राज्यांनी पुढे उचलायचा, नेब्रास्काचा मात्र केंद्र उचलणार, आणि तोही कायमचा. पुणे शहराहून कमी वस्तीचं हे राज्य एका रात्रीत देशाचं जावई झालं. पण तिथली माणसं विचित्र. त्यांना आनंद होण्याऐवजी लाज वाटली. राज्यपालांनीच ही मेहेरबानी नको म्हणून कळवलं. नेल्सन यांना खुलासा करायला टीव्हीवर जाहिरात द्यावी लागली, तीसुद्धा नेब्रास्का विद्यापीठाचा फुटबॉल सामना चालू असताना, कारण सगळं राज्य एका जागी सापडतं ते तेव्हाच. पुढे मार्चमध्ये तरतूद काढून टाकली गेली. मत पडून गेलं होतं, ते काही परत आलं नाही. २०१२ला नेल्सन पुन्हा उभेही राहिले नाहीत.

तिसरा नमुना कनेटिकटचे जो लीबरमन. त्यांनी काही मागितलं नाही, फक्त काढायला लावलं. सरकारी विमा कंपनीचा पर्याय काढा म्हणाले, काढला. मग तडजोड म्हणून पंचावन्न ते चौसष्ट वयाच्या लोकांना पैसे भरून म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्यात, म्हणजे मेडिकेअरमध्ये, येऊ द्यायचं ठरलं, तर म्हणाले हेही काढा. ही कल्पना तीनच महिन्यांपूर्वी त्यांनी स्वतः एका वृत्तपत्राला मोठ्या आत्मीयतेने सांगितली होती. मधल्या काळात कल्पना तीच राहिली, फक्त त्यांचं मत साठावं झालं. त्यांच्या राज्यातलं हार्टफर्ड हे शहर विमा कंपन्यांचं माहेरघर म्हणून ओळखलं जातं, हा योगायोग आम्ही योगायोग म्हणूनच नोंदवतो. आणि विरोधी रिपब्लिकन पक्षाच्या, मेनच्या ऑलिम्पिया स्नो तर दोन्ही डगरींवर रीतसर पाय ठेवून गेल्या. ऑक्टोबरात समितीत त्यांनी इतिहासाने हाक मारली म्हणून बाजूने मत दिलं. डिसेंबरात सभागृहात विरोधात दिलं. मधल्या काळात इतिहासाचा फोन लागला नसावा.

२१ डिसेंबरची रात्र तर अभ्यासदौऱ्याच्या अहवालात मुखपृष्ठावर घालावी. वॉशिंग्टन बर्फाखाली, रात्रीचा एक वाजून गेलेला. वेस्ट व्हर्जिनियाचे रॉबर्ट बर्ड, वय ९२, यांना चाकाच्या खुर्चीतून आत आणलं, कारण एकसष्टावा नव्हता. त्याच्या काही तास आधी ओक्लाहोमाचे टॉम कोबर्न यांनी सभागृहात जनतेला प्रार्थना करायला सांगितलं होतं. कशासाठी? आज रात्री कोणा एकाला मतदानाला येणं जमू नये, यासाठी. नाव त्यांनी घेतलं नाही. कोबर्न पेशाने डॉक्टर होते. देवाने ऐकलं नाही, चर्चा साठ मतांनी थांबली आणि २४ला सकाळी विधेयक मंजूर झालं. त्या मतदानात स्वतः हॅरी रीड झोपेत ‘नाही’ म्हणून गेले आणि लगेच ‘हो’ म्हणाले. महिनाभर साठ जणांची मनधरणी करणाऱ्या माणसाने आपलंच एक मत काही सेकंद काठावर ठेवून बघितलं असेल, तर कोण नावं ठेवणार?

मार्च २०१० मध्ये संसदेच्या दुसऱ्या सभागृहात, म्हणजे प्रतिनिधिगृहात, तोच प्रयोग मोठ्या संचात झाला. ओहायोचे डेनिस कुसिनिच यांना विधेयक पुरेसं डावं वाटत नव्हतं. त्यांना राष्ट्राध्यक्षांनी आपल्या विमानातून फिरवून आणलं आणि दोन दिवसांत त्यांना ते पुरेसं वाटायला लागलं. इथे आपल्या शिष्टमंडळाने छाती फुगवायला हरकत नाही. तिकडे मत वळवण्यासाठी माणसाला विमानात बसवतात. आपल्याकडे आधी मत वळतं, मग विमान.

सात वर्षांनी पारडं फिरलं. आता ट्रम्प यांना तो कायदा मोडायचा होता. सिनेटमध्ये रिपब्लिकन बावन्न, आणि अर्थसंकल्पाच्या आडवाटेने गेलं तर पन्नास मतं पुरत होती. २०१७च्या जुलैत ‘स्किनी रिपील’ नावाचं आठ पानी विधेयक रात्री उशिरा पुढे आलं आणि उजाडायच्या आत मताला टाकलं. त्याने विमा नसलेल्यांत दीड कोटीहून जास्त लोकांची भर पडेल, असा संसदेच्याच हिशेबनिसांचा अंदाज होता. त्या संध्याकाळी त्याच पक्षाचे लिंडसे ग्रॅहॅम यांनी पत्रकार बोलावून सांगितलं, की हे विधेयक धोरण म्हणून अनर्थ आहे आणि पर्याय म्हणून फसवणूक आहे. मात्र प्रतिनिधिगृह ते मंजूर करणार नाही अशी हमी मिळाली तर आपण त्याला मत देऊ. जगभर लोक कायदा होण्याची हमी मागतात. इथे न होण्याची मागितली गेली. तशी काही तरी मिळाली आणि ग्रॅहॅम यांनी त्या अनर्थाच्या बाजूने मत दिलं.

राहिले त्यांच्याच पक्षाचे जॉन मॅकेन. मेंदूच्या कर्करोगाचं निदान झालेलं, भुवईवर शस्त्रक्रियेची ताजी खूण. रात्री दीडच्या सुमारास ते सभागृहाच्या मध्याशी आले, हात पुढे केला, क्षणभर तसाच ठेवला आणि अंगठा खाली वळवला. सभागृहात हुंकार उठला. विधेयक ४९ विरुद्ध ५१ असं पडलं. त्या अंगठ्यावर आजवर इतकं लिहिलं गेलं आहे, की त्याला स्वतंत्र मतदारसंघ द्यायला हरकत नव्हती.

आता खरा धडा. मॅकेन यांच्याबरोबर आणखी दोघींनी ‘नाही’ म्हटलं होतं, मेनच्या सुसान कॉलिन्स आणि अलास्काच्या लिसा मर्कोव्स्की. दोघींचा विरोध जुना होता. तीन दिवसांपूर्वी विधेयक चर्चेला घ्यायलासुद्धा त्यांनी ‘नाही’ म्हटलं होतं, तेव्हा मॅकेन ‘हो’ म्हणाले होते. तिन्ही मतांचं वजन तितकंच, एकही फिरलं असतं तर विधेयक तरलं असतं. पण अंगठा अजरामर झाला, कारण तो उशिरा आला. ठाम माणसाला भाव नसतो. त्याचं मत आधीच मोजून झालेलं असतं.

मर्कोव्स्कीबाई हे विसरल्या नाहीत. २०२५च्या जुलैत ट्रम्प यांचं ‘बिग ब्युटिफुल’ विधेयक आलं. मेडिकेडची कात्री त्यातच होती आणि त्यामुळे सुमारे एक कोटी लोकांचा विमा जाईल असा अंदाज होता. या खेपेला बाईंनी ठरवायला वेळ घेतला. अन्नसाहाय्याच्या खर्चाचा काही बोजा राज्यांवर टाकायचा होता, त्यात ज्या राज्यांच्या वाटपात चुका सर्वांत जास्त, त्यांना जास्तीची मुदत मिळाली. अलास्का त्यात सहज बसलं. नापासांना सवलत ही कल्पना आपल्याकडूनच तिकडे गेली असावी. शिवाय देवमाशांची पारंपरिक शिकार करणाऱ्या कप्तानांची करवजावट दहा हजार डॉलरवरून पन्नास हजारांवर गेली. बाईंनी ‘हो’ म्हटलं, मतं पन्नास-पन्नास झाली आणि उपराष्ट्राध्यक्षांच्या मताने विधेयक तरलं. मग बाहेर येऊन त्यांनी पत्रकारांना सांगितलं, की विधेयक अजून नीट नाही, प्रतिनिधिगृहाने ते बघावं. प्रतिनिधिगृहाने बघितलं आणि दोन दिवसांत जसंच्या तसं मंजूर केलं. मिसुरीचे जॉश हॉली तर एक पायरी वर चढले. मे महिन्यात त्यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये मेडिकेडची कपात अनैतिक आहे असा लेख लिहिला, जुलैच्या पहिल्या तारखेला त्या कपातीला मत दिलं आणि जुलै अर्धा उलटायच्या आत तिच्यातला काही भाग रद्द करण्याचं विधेयक मांडलं. अडीच महिन्यांत तिन्ही बाजू! कुंपणाला दोनच बाजू असतात, हा आमचा समज होता.

हे सगळं आपल्याकडे कितपत लागू पडेल, अशी शंका कोणी काढेल. शंका रास्त आहे. आपल्या आमदाराला पक्षाचा व्हिप असतो. एकट्याने काठावर बसून विधेयक वाचत बसला, तर १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्याने त्याची आमदारकी जाते. त्यामुळे आरोग्य, शिक्षण, शेती अशा कुठल्याही विधेयकावर त्याचं मत काय, हे त्याला स्वतःला विचारायची कोणाला गरज पडत नाही. त्याला डळमळायचं असेल तर दोन-तृतीयांश सोबती गोळा करून दुसऱ्या पक्षात विलीन व्हावं लागतं. तिथे किरकोळ दुकान चालतं, इथे कायद्याने ठोक व्यापारच सक्तीचा केला आहे. आणि तिथल्या किरकोळ सौद्यातून निदान एका राज्याला वादळानंतर चार पैसे मिळाले, हे आम्ही नाइलाजाने मान्य करतो.

उरतो तो पेशंट. त्याचा या कथेत दोनदाच थेट प्रवेश झाला. आरोग्य विम्यासाठी हयातभर भांडलेले एडवर्ड केनेडी २५ ऑगस्ट २००९ रोजी मेंदूच्या कर्करोगाने गेले, सिनेटचं मत पडून गेल्यावर पोटनिवडणुकीत त्यांची जागा विरोधकांकडे गेली आणि साठाचे एकोणसाठ होऊन कायदा मरता मरता राहिला. नऊ वर्षांनी त्याच तारखेला मेंदूच्याच कर्करोगाने मॅकेन गेले, जाण्याआधी तो कायदा वाचवून. दोघांच्या उपचारांचं बिल कोण भरणार, हा प्रश्न सभागृहात कधी आला नाही. बाकीचे कोट्यवधी पेशंट मोजणीत येतात ते फक्त अंदाजाच्या आकड्यात. त्यांचं मत काय आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून त्यांना कोणी विमानातून फिरवत नाही, त्यांच्यासाठी कोणी कलम वळणदार करत नाही. त्यांनी काठावर जाऊन भाव खावा असंही म्हणता येत नाही. कुंपणावर बसायला तब्येत ठणठणीत लागते, आजारी माणसाला तिथे बसवत नाही.