दोन घरची फाइल

दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण कमांड लाइनच्या जगात उलटी होते. तिथलं सेटिंग दोन्ही घरी जेवतं आणि कुठे जेवलं ते सांगत नाही. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटचंच घ्या. आपलं नाव, ईमेल, आवडता एडिटर हे सारं पूर्वी होम डिरेक्टरीतल्या .गिटकॉन्फिगमध्ये असे. पण जो तो प्रोग्राम होममध्ये आपली टिंबवाली फाइल टाकून मोकळा होई, म्हणून २००३च्या सुमारासच लिनक्स डेस्कटॉपवाल्यांचा एक्सडीजी हा नियम आला होता: सेटिंगं .कॉन्फिग फोल्डरात ठेवा. २०१२च्या १.७.१२ आवृत्तीपासून गिट तिथलीही फाइल वाचू लागलं, जुनीही सोडली नाही. आधी नवी वाचतं, मग जुनी. मतभेद झालाच तर जुनीचा शब्द शेवटचा. म्हणजे आपण नव्या फाइलीत हौसेनं ईमेल बदलायचा आणि कमिटवर मागच्या नोकरीचाच पत्ता झळकायचा. ‘कॉन्फिग --ग्लोबल’नं लिहायला जावं, तर जुनी फाइल रिकामी पडलेली असली तरी लिखाण तिच्यातच. बॅश या शेलचा न्याय नेमका उलटा. लॉगिनला .बॅश_प्रोफाइल, .बॅश_लॉगिन, .प्रोफाइल या क्रमानं जी पहिली सापडेल ती वाचायची, बाकीच्यांकडे ढुंकूनही पाहायचं नाही. एखाद्या इन्स्टॉलरनं परस्पर .बॅश_प्रोफाइल तयार केली, की इतकी वर्षं राबलेली .प्रोफाइल बिनबोभाट निवृत्त!

माझी तक्रार दोन जागांबद्दल नाही, मौनाबद्दल आहे. जुनी जागा एका रात्रीत बंद केली तर हजारोंची सेटिंगं बोंबलतील, हे मान्य. म्हणूनच वाचायला दोन जागा असू द्यात. कोणी म्हणेल, क्रम मॅन्युअलमध्ये लिहिलाय की! लिहिलाय खरा, पण मॅन्युअल माणूस उघडतो ते घोळ झाल्यावर. दुसरा आक्षेप जुन्या युनिक्सवाल्यांचा: काम नीट झालं तर प्रोग्रामनं गप्प बसावं. कबूल, पण एकाच प्रश्नाची दोन उत्तरं सापडणं याला नीट होणं म्हणत नाहीत. शिवाय हे अवघडही नाही. कोणतं सेटिंग कुठल्या फाइलीतून आलं ते सांगणारा ‘--शो-ओरिजिन’ हा पर्याय गिटनंच २०१६मध्ये दिला. फक्त तो विचारल्याशिवाय बोलत नाही, आणि विचारायचं असतं हे ज्याला ठाऊक, त्याचा प्रश्न बहुधा आधीच सुटलेला असतो. तेव्हा दोन फाइलींत खटका उडालाच, तर एक ओळ आपणहून छापा: हे इथून घेतलं, तिथलं सोडलं. एवढंही नाही केलं, तर वैतागलेला माणूस तिसऱ्याच जागी नवी फाइल करतो, आणि पुढच्या आवृत्तीत तुम्हाला तीही वाचावी लागते.