कंपाउंडवाले काका

मयूर कॉलनी असो की डहाणूकर कॉलनी, कोथरूडच्या गल्लीत एखादी जुनी सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली, भोवती निळे पत्रे लागले, की शेजारच्या आवारात एक काका उगवतात. सत्तरीच्या आसपासचे, नोकरी बँकेत किंवा सरकारात झालेली. पिशवीत मालमत्ता पत्रक आणि १९७०-७५ सालचा पिवळा पडलेला मंजूर नकाशा, खिशात टेप. बिल्डर त्यांना कटकट म्हणतो, पलीकडचे सभासद आडमुठे म्हणतात. घरचे काहीच म्हणत नाहीत, कारण बोललं की भिंतीचा विषय निघतो. माझं मत मात्र काकांच्या बाजूचं आहे. जे काम आपल्या कायद्याने कुणालाच नेमून दिलेलं नाही, ते हा गृहस्थ बिनपगारी करतो.

त्यांची कार्यपद्धती जवळून पाहण्यासारखी असते. खोदाई सुरू व्हायच्या आधीच घरातल्या प्रत्येक भेगेच्या टोकाला पेन्सिलीने आडवी रेघ मारलेली असते आणि शेजारी तारीख. मोठ्या भेगेवर काचेची पट्टी प्लॅस्टरने चिकटवलेली; भेग सरकली की काच तडकणार. कामावरचा सुपरवायझर हसतो, पण स्ट्रक्चरल इंजिनिअरही हेच करायला सांगतो, फक्त बिल लावून. कोथरूडची जमीन वरून मुरूम आणि खाली काळा कातळ. पार्किंगच्या तळघरासाठी ब्रेकर लावला की हादरे हद्द विचारत नाहीत. पन्नास वर्षांपूर्वीचा पाया उथळ असतो, आणि शेजारचा खड्डा त्याच्या खाली गेला की पायाला बाजूने धरून ठेवणारी माती नाहीशी होते. इंग्लंडमध्ये यासाठी १९९६ चा स्वतंत्र कायदाच आहे. शेजाऱ्याच्या इमारतीपासून तीन मीटरच्या आत त्याच्या पायाहून खोल खणायचं तर किमान महिनाभर आधी लेखी नोटीस द्यावी लागते, आणि जमलं नाही तर सर्वेक्षक निवाडा देतो. कोथरूडात नोटीस म्हणजे सकाळी सात वाजता दारात आलेला जेसीबी, आणि सर्वेक्षक म्हणजे बनियनवर बाहेर आलेले काका.

कायदा अगदीच नाही असं नव्हे, हा आक्षेप कुणी वकील घेईलच. १८८२ चा सुविधाधिकार कायदा आहे. मोकळ्या जमिनीला शेजारच्या मातीचा आधार मिळण्याचा हक्क त्यात आहे. इमारतीच्या भाराला मात्र असा आधार वीस वर्षं अखंड आणि शांततेने मिळालेला असावा लागतो. भिंतीने शांतता पाळली यात शंका नाही, काकांबद्दल शपथेवर सांगणं कठीण. पण या हक्कासाठी कोर्टात जायचं, तारखा घ्यायच्या, आणि तोवर खड्डा पावसाच्या पाण्याने भरलेला. भरपाई मागायची तर नुकसान चांगलं भरीव दाखवावं लागतं. म्हणजे भेग काकांना अभिमान वाटावा इतकी मोठी व्हायला हवी.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: काकांना भिंतीपेक्षा अडवणुकीत रस असतो. असतो. स्वतःच्या साइड मार्जिनमध्ये त्यांनी पत्र्याची शेड टाकलेली असते आणि त्यांचा आंबा पलीकडे वाकलेला असतो, पण त्याच्या कैऱ्या मात्र अलीकडच्या. 'मोजणी करून घेऊ' म्हटलं की आवाज खाली येतो, कारण भूमी अभिलेखचा माणूस दोन्ही बाजू मोजतो. भिंत नऊ इंच आपल्याच चुकीने सरकलेली निघाली तर चाळीस वर्षांच्या भांडणाचं काय करायचं? शिवाय आपल्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट आलं की हेच काका 'शेजारी फार त्रास देतात हो' म्हणतात. सगळं मान्य. पण हेतू खोटा असला म्हणून काच तडकायची थांबत नाही. २९ जून २०१९ च्या पहाटे कोंढव्यात सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि पंधरा जण गेले. भिंतीच्या पलीकडे नेहमी गिऱ्हाईक किंवा बिल्डरच नसतो, हे काकांच्याही वहीत नसतं. ते लिहायला हवं.

म्हणून बांधणाऱ्याला एक विनंती. पत्रे लावायच्या आधी मोजणी करा, काकांच्या घराचे भेगांसकट फोटो दोघांच्या सहीने काढा, खड्ड्याची बाजू कशी धरणार ते इंजिनिअरकडून लेखी घ्या आणि त्याची एक प्रत काकांना नेऊन द्या. ते तीन चुका काढतील. त्यातली एक बहुधा बरोबर असेल.