फ्लोट

नागपूरच्या प्रताप नगरात पोरीला एका ठिकाणी सीट लागली तर पेढे वाटून मोकळं होता येतं. तीन ठिकाणी लागली की चौकापासून खामल्यापर्यंत सगळ्यांना मतदानाचा हक्क मिळतो.

आमच्या कन्येला आधी जोसाच्या प्रवेशफेरीत व्हीएनआयटी मिळालं, शाखा मेटलर्जी. जोसात सीट मिळाली की तीन पर्याय असतात. फ्रीझ म्हणजे हेच नक्की, पुढे बघायचं नाही. स्लाइड म्हणजे कॉलेज हेच, पण शाखा वरची निघाली तर द्या. आणि फ्लोट म्हणजे हे हातात असू द्या, याहून चांगलं कुठेही मिळालं तर तिकडे जाऊ. कन्येनं फ्लोट केलं. हे सगळं समजावून घेतल्यावर आजी भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोकडे बघत म्हणाली, "आमच्या वेळी थेट फ्रीझच होतं बाप्पा."

फ्लोट करूनही मेटलर्जीच राहिली. मग राज्याच्या कॅप प्रवेशफेरीची यादी लागली, तिच्यात पुण्याचं सीओईपी, सिव्हिल. शिवाय एका खासगी कॉलेजातून एक मॅडम रोज अतिशय गोड आवाजात कॉम्प्युटर सायन्सची 'शेवटची सीट' देऊ करत होत्या. ही सीट महिनाभर शेवटचीच होती.

शेजारचे काका पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. आमच्या गेटवर कोपर टेकवून म्हणाले, "सिव्हिल घे म्हणा तिले. गोसीखुर्दचं भूमिपूजन १९८८ मध्ये राजीव गांधींनी केलं. माझी नोकरी झाली, पेन्शन सुरू झाली, कालव्यांचं काम अजून चालूच हाये. इतकं पक्कं काम कोण्या कॉम्प्युटरवाल्याले भेटते, सांगा!" याला उत्तर नव्हतं. भिलईच्या मावशीची हयात पोलाद कारखान्याच्या क्वार्टरमध्ये गेली, त्यामुळे तिचं मत मेटलर्जीला. पोहेवाल्या भाऊनं तर्री ओतता ओतता कॉम्प्युटरचा पुरस्कार केला, कारण आयटी पार्कातली पोट्टी दुसरी प्लेट न विचारता घेतात.

मी तटस्थ होतो, असं मी सगळ्यांना सांगत होतो. १९६० साली निघालेलं व्हीएनआयटी आमच्या वेळी व्हीआरसीई होतं. तिथे मला प्रवेश मिळाला नाही, आणि पुढे वर्षानुवर्षं त्याच्याच कुंपणाच्या कडेनं मी स्कूटर दामटत ऑफिसला गेलो. त्यामुळे माझ्या तटस्थ बोलण्यात 'राष्ट्रीय महत्त्वाची संस्था' हे शब्द जरा जास्त वेळा येत असतील, एवढंच.

पुण्याची आत्या या सगळ्यांत हुशार. सीओईपी म्हणताच फोनवर चीत्कारली, "अगंबाई, १८५४ सालचं कॉलेज ते!" आणि त्याच श्वासात, "तिथलं होस्टेल छान आहे हं. आमचा मेला टू बीएचके, त्यात ह्यांचं वर्क फ्रॉम होम." राहण्याचा विषय अजून कुणी काढलाच नव्हता.

पॅकेज झालं, रँकिंग झालं, प्लेसमेंटवर तर आजीसुद्धा बोलली. खरा मुद्दा किलोमीटरचा होता आणि त्याला कुणी हात लावत नव्हतं. व्हीएनआयटी आमच्याकडून स्कूटीनं दहा मिनिटं, माटे चौकात अडकलं तर पंधरा. बायकोच्या लेखी हा त्या कॉलेजचा सगळ्यात मोठा गुण आणि कन्येच्या लेखी एकुलता एक दोष. "दुपारी गरम पोळी खायला घरी येता येईल," असं बायको म्हणाली की कन्या मुकाट्यानं अजनीहून सुटणाऱ्या पुण्याच्या वंदे भारतचं टाइमटेबल उघडून बसे.

शेवटच्या दिवशी ती खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, "व्हीएनआयटी. मेटलर्जी. मला धातूंचं आवडतं." धातू आवडतात का, हा प्रश्न इतक्या दिवसांत आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता. बायकोनं आनंदानं संत्रा बर्फीचा डबा उघडला. बर्फी तोंडात टाकून कन्या पुढे म्हणाली, "आणि मी होस्टेलला अर्ज करून राहिली."

"दहा मिनिटांवर घर असताना?"

"म्हणून तर."

डब्याचं झाकण लागलं. मी पुण्याला फोन लावून आत्याला बातमी दिली. पलीकडून मोठा सुस्कारा ऐकू आला. "अरेरे," आत्या म्हणाली, "इकडे आली असती तर होस्टेलला कशाला, माझ्याकडेच ठेवली असती रे तिला!"