घर दाखवा, गरज झाका

घर विकायला काढलं की अनोळखी माणसं चपला बाहेर काढून आत येतात आणि थेट कपाटं उघडतात. एजंटच्या भाषेत ही 'पार्टी'. पार्टीपासून चीजवस्तू कशा सांभाळाव्यात, याचं हे शास्त्रशुद्ध मार्गदर्शन. आधार : नाशिकच्या इंदिरानगरातला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट.

1. आधी इतिहास. त्र्यंबकेश्वराच्या देवळात असलेला 'नाशिक हिरा' 1818 मध्ये, पेशवाई बुडाली तेव्हा, इंग्रजांच्या हाती लागला आणि लंडनला विकला गेला. पुढे 1940 मध्ये अमेरिकेत जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी त्याला नव्याने पैलू पाडले, तेव्हा तो 43.38 कॅरटचाच उरला. बोध : ताबा बदलण्याआधी दागिने लॉकरमध्ये. देवघरातला चांदीचा बाळकृष्णही. पार्टी नमस्कार करते, पण डोळे मिटत नाही.

2. पार्टी चौघांची असते. नवरा नळ सोडून पाण्याचा जोर बघतो, बायको किचनच्या ट्रॉल्या ओढते, सासरे होकायंत्र काढून ईशान्य शोधतात. चौथा कोण, हे शेवटपर्यंत कळत नाही. लक्ष चौथ्यावर ठेवावं.

3. मूळ खरेदीखत कुणाच्या हाती देऊ नये. झेरॉक्स द्यावी आणि तिच्यावर 'फक्त पाहण्यासाठी' असं आडवं लिहावं. पासबुक, चेकबुक, आधार कार्ड कुलपात. जाहिरातीसाठी फोटो काढताना तिजोरीचं कपाट टाळावं. आरसाही टाळावा, आमच्या बेडरूमच्या फोटोत मी बनियनवर आहे आणि तो फोटो एव्हाना अर्ध्या नाशकाने पाहिलाय.

4. आता खरी मौल्यवान वस्तू : तुमची गरज. पार्टी चमचे चोरत नाही. ती भिंती वाचते आणि भाव पाडते. फ्रिजवरची औषधं दिसली, लाखभर कमी. कोपऱ्यात वजनाची पट्टी लावलेली परदेशी जायची बॅग, दोन लाख. सर्वांत धोकादायक दस्तऐवज म्हणजे भिंतीवरचं कालनिर्णय. दूध, गॅस, हप्ता आणि लाल गोलातली 'पैसे द्यायची शेवटची तारीख', सगळं तिथे. पार्टी येण्याआधी पान उलटावं. 'आम्हाला घाई नाही, सिंहस्थापर्यंत थांबू' हे वाक्य घरातल्या लहानथोरांकडून पाठ करून घ्यावं. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो; घर विकणाऱ्या नाशिककराला तो रोज आठवतो.

5. कायदा माहीत असावा. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882, कलम 8 : वेगळं ठरलं नसेल, तर घराबरोबर कुलपं, किल्ल्या, गज, दारं, खिडक्या आणि कायमच्या वापरासाठी बसवलेलं सगळं घेणाऱ्याकडे जातं. म्हणून पंखे, गीझर, झोपाळ्याच्या कड्या यांची यादी आधीच लिहून घ्यावी. भांडीबाजारातून आजीने आणलेला तांब्याचा बंब गॅलरीत नुसता टेकवलेला आहे, हे आम्ही प्रत्येक पार्टीला हलवून दाखवलं. तिघांनी घर नाकारलं आणि बंबाचा भाव विचारला.

6. शेवटची वस्तू : आई. हिला कुलूप लागत नाही. ती चहा देते आणि चहाबरोबर पावसाळ्यात कुठली भिंत ओली होते तेही सांगते. उपाय एकच : पार्टी येईल त्या दिवशी तिला नात्यात पाठवावं. आम्ही पंचवटीत मावशीकडे पाठवलं.

पार्टी आली. औषधं कपाटात, बॅग पलंगाखाली, कालनिर्णयाचं पान उलटलेलं. मी सिंहस्थाचं वाक्य न अडखळता म्हटलं. पार्टी विचार करून सांगतो म्हणाली.

संध्याकाळी फोन आला. "काका, पंधरा तारखेपर्यंत पैसे हवेत ना तुम्हाला? मग तीन लाख कमी करा. तुमच्या मावशी आमच्या आत्याच्या शेजारी राहतात."

नाशिकची महानगरपालिका 1982 ची आहे. मावशी त्याआधीची.