चाळीतला लिनक्सवाला

गिरगावच्या चाळीत दर मजल्याला एक सल्लागार असतोच. लिनक्सवाला मात्र अख्ख्या चाळीत एखादाच. लॅपटॉप लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला सेकंडहँड, झाकणावर पेंग्विनचं स्टिकर. ‘विंडोज’ हा शब्द कानावर पडला की सोवळ्यात कुणी शिवल्यासारखा चेहरा करतो. पण ‘आवाज येत नाही’ एवढं म्हणा, लगेच कळी खुलते.

“अरे, टीव्हीला वायर जोडल्यापासून हा मुका झालाय बघ,” शेजारच्या काकू लॅपटॉप पुढे करतात.

“मुका नाही काकू. आवाज एचडीएमआयवाटे टीव्हीकडे जातोय.”

“पण टीव्ही बंद आहे!”

“म्हणून तर ऐकू येत नाहीये.”

खरं तर आउटपुटमध्ये ‘स्पीकर’ निवडलं की काम फत्ते. पण इतक्यात आटोपलं तर विद्या कशी दिसणार? तो टर्मिनल उघडून ‘अल्सामिक्सर’ टाइप करतो. काळ्या पडद्यावर खांब उभे राहतात. एकाच्या पायथ्याशी ‘एमएम’. “म्यूट!” म्हणत तो एम दाबतो. मग लिनक्सच्या आवाज-यंत्रणांची भाऊबंदकी सुरू होते : तळाला अल्सा, त्याच्या डोक्यावर पल्सऑडिओ आणि आता पल्सऑडिओची गादी चालवणारं पाइपवायर. “फेडोरानं तर 2021 मध्येच पाइपवायर घेतलं!” फेडोरा ही खोताच्या वाडीतली कुणी असावी, अशा समजुतीनं काकू मान डोलावतात.

काकूंचा जावईही सुटत नाही. ब्लूटूथ हेडफोनवर गाणं झकास वाजतं, पण मीटिंगला माइक सुरू केला की आवाज फोनच्या दर्जावर उतरतो. “ए-टू-डीपीत माइक नसतो. माइक हवा, तर हेडसेट प्रोफाइल!” निदान अचूक, आवाज तसाच.

खरी कसोटी गणपतीत. सार्वजनिक उत्सव 1893 पासून बघणाऱ्या गिरगावात आरती याच्या लॅपटॉपवरून लावायचं ठरतं. स्पीकर जोडले जातात, आवाज मात्र प्रोजेक्टरकडे पळतो. हा व्हॉल्यूम 100 टक्के करतो, मग पुढे ढकलत 153 वर नेतो आणि तेवढ्यात आउटपुट बदलतो. कबुतरं उडतात, भटजींच्या हातातली पळी पडते. शेवटी मंडळी टाळ-झांजा घेऊन तोंडानंच आरती म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सगळं सुरळीत वाजतं. चाळ खूश, हा बेचैन. दुपारी हळूच म्हणतो, “एक छोटंसं अपडेट मारून ठेवतो.”

कार्यकर्ते मुकाट्यानं टाळ शोधायला लागतात.