खुर्चीतला खेळाडू

बिलियर्ड्स-स्नूकरला एकाग्रता लागते असं म्हटलं, की डोळ्यांसमोर टेबलावर वाकलेला माणूस येतो. हनुवटी क्यूला टेकलेली, नजर चेंडूवर, श्वास रोखलेला. मला विचाराल तर तो माणूस सुखात असतो. त्याच्या हाताला काम आहे. पंचाईत असते ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेल्या दुसऱ्याची.

कबड्डीत समोरच्याचा पाय धरता येतो, टेनिसमध्ये निदान धावता येतं. इथे समोरचा चुकेपर्यंत नुसतं बसायचं. खोकायचंसुद्धा बेतानं. आपल्याकडे खुर्चीसाठी माणसं रातोरात पक्ष बदलतात. तिच्यातून उठायला आसुसलेला इसम मी फक्त या खेळात पाहिला.

बरं, किती वेळ बसायचं याला धरबंध नाही. १९०७ साली लंडनमध्ये बिलियर्ड्सच्या सामन्यात टॉम रीसने दोन चेंडू पॉकेटच्या तोंडाशी अडकवले आणि त्यांना हलकेच टिचक्या मारत एकाच पाळीत ४,९९,१३५ गुणांचा ब्रेक रचला. आपला चेंडू दुसऱ्या दोन्ही चेंडूंना लागला की झाला कॅनन, आणि एका कॅननचे गुण दोन. म्हणजे जवळपास अडीच लाख वेळा तोच तो फटका, पाच आठवडे. आणि एवढं करून तो ब्रेक अपुराच राहिला. पुस्तकांत रीसचं कौतुक असतं. मला काळजी वाटते ती समोरच्या जो चॅपमनची. पुढे त्या फटक्यावर बंदी आली, पण चॅपमनला काय त्याचं! १९३२ मध्ये वॉल्टर लिंड्रमने ४,१३७ चा ब्रेक केला, तेव्हा पाच मिनिटं कमी तीन तास खुर्चीत होता तो जो डेव्हिससारखा दिग्गज. आपल्या गीत सेठींनी १९९२ मध्ये १,२७६ केले, तेव्हाही खोलीत दुसरी एक खुर्ची होतीच.

स्नूकरमधला ब्रेक इतका लांबत नाही, पण सामना लांबतो. शेफिल्डच्या क्रुसिबल थिएटरातली जागतिक अंतिम लढत जास्तीत जास्त ३५ फ्रेम्सची. दोन दिवस, चार सत्रं. तिथेच १९९७ मध्ये रॉनी ओ’सलिव्हनने १४७ गुणांचा परिपूर्ण ब्रेक सव्वापाच मिनिटांच्या आसपास संपवला होता. आठ वर्षांनी त्याच थिएटरात पीटर एब्डनने त्याच्यासमोर बारा गुणांच्या ब्रेकला पाच मिनिटांहून जास्त वेळ घेतला. वाऱ्याच्या वेगाने खेळणाऱ्या माणसाला बसवून ठेवण्याहून मोठी शिक्षा नाही. ८-२ असा पुढे असलेला ओ’सलिव्हन तो सामना ११-१३ हरला. हरवलं कोणी, एब्डनने की खुर्चीने, यावर वाद घालायला मी तयार आहे.

जिमखान्याच्या स्पर्धा बघायला मी अधूनमधून जाऊन बसतो. तिथे खुर्चीत बसणारे दोन प्रकारचे दिसतात. तरुण पोरं समोरच्याच्या प्रत्येक चेंडूमागे मान फिरवतात, तो पॉकेटात गेला की ओठ चावतात, मार्करने गुण पुकारले की मनातल्या मनात वजाबाकी करतात. स्वतःची पाळी येईपर्यंत त्यांनी समोरच्याचा अख्खा ब्रेक खेळून झालेला असतो. मग उठून पहिलाच सोपा लाल चेंडू घालवतात.

मुरलेला गडी टेबलाकडे फारसं बघतच नाही. तो फडक्याने क्यू पुसतो. बाटलीचं झाकण उघडून इतका लहान घोट घेतो की पाण्याची पातळी हलत नाही. चष्मा काढतो, पुसलेलीच काच पुन्हा पुसतो. बघणाऱ्याला वाटावं, काका घरच्या गॅस सिलिंडरचा विचार करताहेत. आणि बहुधा करतही असावेत! कारण आठ-दहा तास मन एका जागी रोवून ठेवणं कोणाच्या बापाला जमत नाही. जमतं ते एवढंच, की ते खाली ठेवायचं आणि पाळी आली की उचलायचं. काका उठतात, निळा खडू हातात घेतात, क्यूच्या चामडी टोकावर तीन-चारदा फिरवतात. टोक घसरू नये म्हणून खडू लावतात हे खरं, पण तेवढ्या अवधीत सिलिंडर डोक्यातून गेलेला असतो. वाकेपर्यंत चेहरा वेगळाच.

पण मन असं खाली ठेवणं नेहमीच सोपं नसतं. क्रुसिबलमधल्याच १९८५ च्या जागतिक अंतिम सामन्यात डेनिस टेलर ०-८ असा मागे होता. शेवटची फ्रेम तासाहून जास्त चालली, मध्यरात्र उलटली, आणि अखेरच्या काळ्या चेंडूवर तो १८-१७ जिंकला. सबंध सामन्यात तो आघाडीवर आला तो त्या चेंडूवरच. सुरुवातीला सलग आठ फ्रेम्स जाताना त्याच्या मनात काय चाललं होतं देव जाणे. सिलिंडर खासच नव्हता.

आपल्याकडे विल्सन जोन्स पुण्यात जन्मले, १९५८ मध्ये कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. बिलियर्ड्स-स्नूकरचे जगज्जेते पंकज अडवाणी यांचा जन्मही पुण्याचाच. दुपारी एक ते चार काहीही न करता बसायचं बाळकडू त्यामागे असावं, असा माझा सिद्धांत आहे. अडवाणी बंगळूरला वाढले म्हणून तो जरा लंगडतो, पण मी तो सोडलेला नाही.

तेव्हा पुढच्या वेळी सामना बघायला गेलात तर टेबलाइतकंच खुर्चीकडेही लक्ष द्या. निकाल बऱ्याचदा तिथे आधी कळतो. आणि कृपा करून मोबाइल पूर्ण बंद करा. ‘व्हायब्रेट’वरचा फोन लाकडी बाकावर केवढ्याने गुरगुरतो, हे काकांना विचारा. सामना संपल्यावर.