गाडीचा ओरखडा घरच्या घरी: सातारा-सांगलीकरांसाठी पहिला धडा

गाडीवरचा ओरखडा काढायला तीन गोष्टी लागतात: सावली, स्वच्छ पाणी आणि आजूबाजूला कुणी नसणं. सातारा-सांगलीत पहिल्या दोन मिळतात. बादली घेऊन तुम्ही गाडीशेजारी उकिडवे बसलात की शेजारचे अण्णा गेटवर हात टेकून उभे राहिलेच. "कुठं लागली?" एवढं विचारतात आणि उत्तराची वाट न बघता उपाय सुरू करतात. टूथपेस्ट लावा. समोरचे निवृत्त सर खोबरेल तेलावर ठाम असतात. तिसऱ्याला रॉकेल हवं असतं आणि रेशनवर रॉकेल मिळेनासं झालं ही बातमी त्याच्यापर्यंत अजून पोचलेली नसते. नवशिक्यानं तिघांनाही "बरं" म्हणावं आणि काहीही करू नये. "काहीही करू नये" ही सूचना या धड्यात पुन्हा पुन्हा येईल. ती छपाईची चूक नाही.

टूथपेस्टचा खुलासा मात्र आत्ताच केलेला बरा, कारण ती तुम्ही लावणारच. तिच्यात बारीक खर असते, दात घासायला घातलेली. ती चऱ्यात जाऊन बसते, चरा पांढुरका होऊन लपल्यासारखा वाटतो, अण्णा विजयी मुद्रेनं घरी जातात. पहिल्या धुण्यात चरा परत येतो. मधले दोन दिवस गाडीला पुदिन्याचा वास येतो, तेवढा निव्वळ नफा.

आता नखाचा पाठ. गाडी धुऊन, वाळवून, अंगठ्याचं नख ओरखड्यावरून आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर ओरखडा वरच्या पारदर्शक थरातच आहे, ज्याला पेंटर "क्लिअर" म्हणतात. अडकलं तर खाली गेलाय, आणि घरच्या घरी हा शब्द इथंच विसरावा. कारखान्यात गाडीचा सांगाडा अख्खा टाकीत बुडवून विजेच्या मदतीनं गंजरोधक थर चढवतात. त्यावर प्रायमर, त्यावर रंग, त्यावर क्लिअर. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या दुप्पट, फार तर. त्यातला खुद्द रंग १५-२० मायक्रॉनचा. शोरूममध्ये ज्या चकाकीवर आपण भाळतो, ती वरच्या ४०-५० मायक्रॉन क्लिअरची असते आणि पुढच्या सगळ्या खटपटी याच जागेत उरकायच्या असतात.

कारण रबिंग कंपाउंड ओरखडा भरत नाही. ते ओरखड्याच्या अवतीभवतीचं क्लिअर घासून त्याच्या तळाशी आणतं. खंबाटकीतली दरी दिसू नये म्हणून घाटाचा डोंगरच उतरवून ठेवावा, तशातला हा प्रकार. जपून केलं तर एकदा चालतं, दोनदा चालतं. दर दिवाळीला केलं तर एका दिवाळीला क्लिअर संपतं, आणि टपावर, बोनेटवर पांढुरके, मेलेले चट्टे उठतात. त्यावर कंपाउंड नाही, पॉलिश नाही, अण्णाही नाहीत.

पुढचा पाठ निदानाचा. ओरखडा कुणी केला हे त्याची उंची सांगते. गुडघ्याएवढ्या उंचीवर असेल तर दुचाकीचं फूटरेस्ट. कमरेएवढ्या उंचीवर आखूड, किंचित वळलेला असेल तर स्कूटीचा ब्रेक, बहुधा राजवाड्यावर किंवा मारुती चौकात लावलेली असताना. दाराच्या हँडलमागच्या वाटीत बारीक रेघांचं जाळं असेल तर तुमचीच नखं आणि सौभाग्यवतींच्या बांगड्या. हा निष्कर्ष घरात मोठ्यानं वाचू नये. बोनेटवर चार समांतर रेघा असतील आणि मागच्याच आठवड्यात पसरणी घाटात थांबून माकडांना शेंगा घातल्या असतील, तर तपास तिथंच संपला. आरशाच्या वर, टपाच्या खाली, लांबच लांब समांतर रेघा म्हणजे ऊस. दिवाळीनंतर कारखान्यांचे बॉयलर पेटले की आष्टा-सांगली रस्त्यावर एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या चालू लागतात, ट्रॉलीबाहेर हातभर ऊस डोकावत असतो. उसाच्या पानाच्या कडेला सिलिका असते, वाळूतली तीच. त्यामुळं नुसतं पाचट घासून गेलं तरी खूण ठेवतं.

आणि एक रेघ दोन्ही दारांवरून एका लयीत, लाटेसारखी गेलेली दिसली, तर ते किल्लीचं काम. त्याचा उपाय गॅरेजमध्ये नसतो, भावकीत असतो.

पण हे सगळे किरकोळ गुन्हेगार. गाडीच्या रंगाचा खरा वैरी घरातच राहतो, डिकीत घडी करून ठेवलेला असतो, आणि त्याचं नाव फडकं. महामार्गाचं सातारा ते कागल सहापदरीकरण सुरू झाल्यापासून रस्त्याकडेच्या घरांवर, झाडांवर आणि गाड्यांवर जो थर बसतो तो काही गुलाबपाणी नव्हे; त्यात काळ्या पाषाणाची पूड आहे. त्यावर मालक रोज सकाळी आंघोळ करून, देवाला नमस्कार करून, कोरडं फडकं गोल गोल फिरवतो. गाडीवर त्याचं प्रेम असतं, यात शंका नाही. संध्याकाळी पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली उभी राहिली की त्याच गाडीवर कोळ्यानं जाळं विणल्यासारख्या रेघा चमकतात. ट्रॉलीनं एकदा केलं ते फडक्यानं रोज, हप्त्याहप्त्यानं केलेलं असतं. गाडी पुसायची असेल तर आधी पाणी ओतून माती वाहू द्यावी, मग शाम्पू, मग मऊ ओलं मायक्रोफायबर; घासायची बादली वेगळी, फडकं पिळायची वेगळी. दोन बादल्या बघून शेजारी हसतील. हसू द्यावं.

कव्हर घालणारे तर फडक्याच्या वर. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. त्याच वाऱ्यानं साताऱ्यात कव्हर रात्रभर फडफडतं आणि खालची धूळ गाडीला रात्रभर पॉलिश पेपर मारते.

इथून पुढं धडा हळदीकडे वळतो, आणि सांगलीत तो वळणारच. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या कितीतरी आधीपासून ती नव्या गाडीच्या बोनेटवर लागत आली आहे. शोरूमच्या दारात पहिला ओरखडा पडतो तो स्वस्तिक काढणाऱ्या अंगठीवाल्या बोटानं. मग खंडेनवमी, दसरा. झेंडूच्या माळेची तार आरशाला घासते, नारळ टायरपुढं फोडायचा तो उत्साहात बंपरच्या कोपऱ्यावर फुटतो. कराडजवळच्या पालीला खंडोबाच्या यात्रेत गाडी नेली असेल तर ती पिवळीधमक होऊनच परत येते. आता नवशिक्या काय करतो? जुन्या पांढऱ्या गाडीवर वाळलेल्या हळदीचा डाग दिसला की कपड्याची साबणवडी घेऊन घासायला बसतो. डाग जात नाही, उलट पिवळ्याचा लालभडक होतो. बाहेरून ओरडा ऐकू येतो तो याच क्षणी. घाबरू नये. हळदीतला रंग अल्कली लागली की लाल होतो. पारंपरिक कुंकू याच युक्तीनं हळदीपासून करतात. लिंबाचा रस लावला की तो पुन्हा पिवळा होतो (लिंबू टायरखाली सापडेल), पण त्यानंही डाग गेला असं होत नाही, फक्त आधीच्या रंगावर येतो. डाग घालवतो तो सूर्य. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. साध्या पाण्यानं धुऊन गाडी चार दिवस उन्हात उभी करायची आणि काहीही करायचं नाही. बाजारी कुंकवाचं आणि गुलालाचं मात्र असं नाही. निवडणुकीच्या निकालादिवशी जेसीबीतून गुलाल उधळत असतील त्या रस्त्यानं गाडी नेऊ नये, आणि नेलीच तर कोरडी पुसू नये.

एवढं सांगूनही तुम्ही रबिंग कंपाउंड आणणार, हे गृहीत धरून पुढचं. उन्हात तापलेल्या पत्र्यावर ते लावू नका. जागीच वाळून चिकटतं. हात हलका ठेवा, छोटा भाग घ्या, घाई नको. हलका हात म्हणजे काय हे बघायचं असेल तर डिटेलिंगच्या दुकानात जाण्यापेक्षा मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जा आणि तंबोऱ्याच्या भोपळ्यावर लाखेचं पॉलिश चढवणाऱ्या कारागिराचं मनगट बघत बसा.

कंपाउंड लावताना शेजारच्या काळ्या प्लॅस्टिकला चिकटपट्टी मारायची असते, आणि ती कुणीच मारत नाही. मग कंपाउंडची पांढरी पेस्ट दाराखालच्या, चाकांवरच्या काळ्या दाणेदार पट्टीत जाऊन बसते, वाळते, आणि ओरखडा बरा होता असं वाटायला लागतं. यावर मुलाच्या कंपासपेटीतलं खोडरबर चालतं. खरंच चालतं, पट्टी सावकाश खोडत जावी. करडं पडलेलं प्लॅस्टिक काळं करायचं असेल तर सरांचं खोबरेल तेल चालतं. दोन दिवस. तिसऱ्या दिवसापासून त्यावर सहापदरीकरणाची सगळी माती येऊन बसते. कुणी बुटाचं काळं पॉलिश सुचवतं. पहिल्या पावसात ते टेकून उभ्या राहिलेल्या माणसाच्या कपड्यांवर उतरतं, आणि या दोन जिल्ह्यांत गाडीला टेकून उभा राहणारा माणूस बहुतेक वेळा पांढऱ्या स्टार्च कपड्यांत असतो. इथं राजकीय जोखीम आहे.

एकाच बाबतीत मात्र ताबडतोब हालचाल करावी. महामार्गावर पुढच्या ट्रकच्या चाकातून उडालेल्या खड्यानं बोनेटवर टिपका पडला आणि खाली पत्रा दिसायला लागला, तर महाबळेश्वर-कोयनेकडचा पाऊस त्याला एका हंगामात गंजवतो. बोनेटखाली किंवा दाराच्या खांबावर रंगाचा कोड लिहिलेला असतो. मारुतीचा नेहमीचा पांढरा म्हणजे "२६यू". त्या रंगाची टचअपची बाटली आणा, झाकणाचा ब्रश फेकून द्या, टूथपिकच्या टोकानं ठिपक्यापुरता रंग सोडा. ओघळला की पुसा, परत सोडा. बंपर प्लॅस्टिकचा, तो गंजत नाही. त्याची घाई नको.

कोड जुळला म्हणजे रंग जुळला, असंही नाही. सात वर्षं ऊन खाल्लेली गाडी त्या कोडची राहिलेली नसते. चांगला पेंटर कोडप्रमाणे रंग घोटतो, मग थेंब थेंब पिवळा, काळा टाकत पुठ्ठ्याच्या तुकड्यावर मारून उन्हात गाडीशेजारी धरून बघतो. सिल्व्हर सगळ्यात अवघड, कारण त्यातली ॲल्युमिनियमची कपची गनच्या अंतरावर आणि हवेच्या दाबावर आडवी-उभी बसते आणि तसा रंग उजळ-काळपट दिसतो. म्हणून तो शेजारच्या दारावरही थोडा विरवत नेतो. "एकाच दाराचं काम सांगितलं होतं, दुसऱ्याचे पैसे कशाचे?" हा प्रश्न इथूनच उगवतो.

पेंटरकडे आपण साधारण कंपाउंड, पेस्ट, तेल सगळं झाल्यावर जातो. तो खाली वाकून, डोळा तिरका करून बघतो.

"कुनी घासलं ह्ये?"

"थोडंसं कंपाउंड मारलं होतं."

"आवं साहेब, वरखडा काढायला दोन तास लागलं असतं. तुमी घासलेलं काढायला दोन दिस लागत्यात."

मग लांबी भरणं आलं, सरफेसर आला, वॉटर पेपर आला. विम्याचा विचार याच वेळी मनात येतो. नो क्लेम बोनस पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून सुरू होऊन क्लेम न केल्यास पाच वर्षांत ५० टक्क्यांवर जातो. एका दारासाठी क्लेम केला की तो गेला. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १००० रुपये तुमचे, आणि झिरो डेप नसेल तर प्लॅस्टिकच्या भागांचे निम्मे पैसेही तुमचेच. हिशेब मांडून बघितला की ओरखडा बराच सोज्वळ दिसायला लागतो.

शेवटी गाडी विकायला काढायची वेळ येते. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हापासून सांगलीचं गिऱ्हाईक जुनी गाडी बघताना आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून मातीची रेघ शोधतं, मग कार्पेट उचलतं. त्यानंतर एजंट खिशातून जाडी मोजायचं छोटं यंत्र काढून पत्र्यावर टेकवत फिरतो. १२०, १२५, ११८. चरे तसेच ठेवलेल्या दारावर तो मान हलवून पुढं जातो. तुम्ही हौसेनं रंगवून घेतलेल्या दारावर आकडा ३५० दाखवतो आणि तो थांबतो. "ही बाजू कुठं ठोकलीवती?" ठोकली नव्हती, नुसता ओरखडा होता, हे त्याला पटवायच्या फंदात पडू नये, खरं असलं तरी कुणी विश्वास ठेवत नाही. "उसाची ट्रॉली" म्हणावं. त्यावर इथं कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही, फक्त किंमत कमी करतात.